नंबर नसलेले दिवे

नव्वदच्या दशकात मी सोनईच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. तिथल्या पोरांनी मला कशानं सगळ्यात जास्त छळलं असेल, तर ते "हो बाई"नं. धडा संपवून मी विचारायची, "समजलं का?" आणि सगळा वर्ग एका सुरात, शेवटी लांब हेल काढून म्हणायचा, "हो बाईऽऽ." इतक्या जोरात की शेजारच्या वर्गातले सर खडू थांबवून बघायचे. मग चाचणी घेतली की पेपर तपासताना मी कपाळाला हात लावायची. ज्यांना परावर्तन अगदी छान समजलं होतं, त्यांच्यापैकी निम्म्यांनी किरण आरशाच्या आरपार पलीकडे नेऊन सोडलेला असायचा.

मी तशी तापट. आता वयानं थोडी निवले आहे, पण तेव्हा डोक्याला आग लागायला काडीही लागत नसे. संध्याकाळच्या एसटीनं नगरला यायचे, सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं दार उघडायचे आणि पर्स ठेवायच्या आधी सुरू व्हायचे. आमचे हे टेलिफोन खात्यात होते. घरी आले की कुणाचा तरी बिघडलेला रेडिओ उघडून बसायचे. माझं सगळं बोलणं ते रेडिओत डोकं घालून ऐकायचे, त्यामुळे ऐकतात की नाही हे कधी कळायचं नाही.

एकदा कणीक मळता मळता मी म्हटलं, "एवढी खोटारडी पोरं आख्ख्या जिल्ह्यात नसतील."

रेडिओतून आवाज आला, "खोटारडी कशानं? तू चारचौघांत मोठ्यानं विचारतेस. मला नाही समजलं, असं चारचौघांत मोठ्यानं कोण म्हणेल?"

"मग काय एकेकाच्या कानात जाऊन विचारू?"

"कानात नको. बटण दे त्यांच्या हातात."

तिथून ते खूळ सुरू झालं. मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील. पण ह्यांनी पुढचे कितीतरी रविवार त्यात घातले. लाइनमन जोडणी करताना टेलिफोनच्या जाड केबलचे तुकडे तोडून टाकून देतात, त्यांच्या पोटात रंगीबेरंगी बारीक तारांचा जुडगा असतो. ते तुकडे ह्यांनी मागून आणले. टेपरेकॉर्डरवर गाण्याबरोबर नाचतात तसले लाल बारके दिवे रेडिओच्या दुकानातून आणले. प्लायवूडच्या एका फळीवर दिव्यांचे तीन पट्टे बसवले आणि त्यांच्यावर मी रंगानं अ, ब, क अशी अक्षरं काढली. प्रत्येक मुलासाठी एक डबी हवी होती. ती प्लास्टिकची, प्रवासात साबण न्यायची असते ना, तीच निघाली. तिच्या झाकणाला तीन भोकं पाडून दाराच्या बेलची तीन बटणं बसवली. मुलानं ब दाबलं की फळीवर ब च्या पट्ट्यात एक दिवा लागायचा आणि बोट उचललं की विझायचा. वीज सोनईत असेलच याची खात्री नव्हती, म्हणून आमच्या स्कूटरची जुनी बॅटरी जोडली.

या सगळ्यात माझी एकच अट होती. कुठला दिवा कुणाचा हे कुणालाही कळता कामा नये, मलासुद्धा नाही. म्हणून ह्यांनी तारा मुद्दाम उलटसुलट जोडल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाचा दिवा कुठं तरी मधे, शेवटच्या बाकावरच्याचा वर, असं. कशा जोडल्या ते मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. लग्नानंतर आमच्यात राहिलेलं ते बहुधा एकमेव गुपित.

फळी एसटीनं सोनईला नेली तो दिवस मला आठवतो. बॅटरी पायाशी, डब्यांची पिशवी मांडीवर आणि फळी कंडक्टरच्या नाकासमोर. तो म्हणाला, "बाई, ह्याचं फुल तिकीट काढावं लागंल." मी डोळे वटारले तसा हसत पुढं गेला.

नववी अ चा वर्ग. मी डब्या वाटल्या आणि बटणं कशी दाबायची ते सांगू लागले, तर एक शनिशिंगणापूरचा मुलगा डबी हातात उलटीसुलटी करत होता. मी म्हटलं, "अरे, बेलचं बटण आहे. दारावर असतं ना, तेच."

तो म्हणाला, "बाई, आमच्याकडं दारच न्हाई. बेल कुठं लावायची?"

वर्गात हशा पिकला. मलाही हसू आवरलं नाही. पुढं आठवडाभर मुलं त्याला घरी कसं यायचं, खोकून यायचं का, असं विचारत होती.

मग पहिला प्रश्न टाकला. साधाच होता. डबी दप्तराआड धरा, कुणाला दिसू देऊ नका, मी तीन म्हटलं की दाबा. मुलांनी डब्या इतक्या काळजीनं लपवल्या की मला भरून आलं. मी तीन म्हटलं. मुलांनी बटणं दाबली आणि बटण दाबता दाबता आख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बऽऽ!"

मी फळ्यावर डोकं टेकलं. कशासाठी एवढ्या तारा जोडल्या! हे आमच्याकडच्या पोरांनाच सुचू शकतं. गुप्त मत, आणि तेही सामुदायिक घोषणेसकट. त्यांची तरी काय चूक? बालवाडीपासून जे काय ते सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचं, हेच त्यांना शिकवलेलं. पाढे तसे, प्रतिज्ञा तशी, उत्तरंही तशीच. तोंड बंद ठेवून उत्तर द्यायला शिकवण्यात माझे पुढचे काही तास गेले.

ते जमलं त्या दिवशी मी तासाच्या शेवटी नेहमीच्या आवाजात विचारलं, "समजलं का?" सवयीनं उत्तर आलं, "हो बाईऽऽ." मी म्हटलं, "आता तेच बटणानं सांगा. समजलं असेल तर अ, नसेल तर ब."

ब चा पट्टा लालेलाल झाला.

सगळा वर्ग त्या दिव्यांकडं बघत राहिला. प्रत्येकाला आजवर वाटत होतं, आपल्या एकट्यालाच कळत नाही. मग मागून कुणीतरी खुसकन हसलं आणि सगळेच हसू लागले, अगदी मोकळं, पोट धरून. मीही हसले. शिक्षक म्हणून माझी लाज निघाली होती, पण इतकं हलकं मला त्या वर्गात कधी वाटलं नव्हतं. तो धडा मी दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून शिकवला.

हळूहळू माझी एक पद्धत बसली. प्रश्न टाकायचा, बटणं दाबायची. उत्तरं विखुरलेली दिसली की बरोबर कुठलं ते मी सांगायचं नाही. पुढच्या बाकानं मागं वळायचं, चौघाचौघांनी आपापसात भांडायचं, एकमेकांना पटवायचं आणि मग पुन्हा बटणं दाबायची. दुसऱ्या वेळी दिवे सरकलेले दिसायचे. अ वरून उठून ब वर आलेले. पोरं पोरांना इतकं चांगलं शिकवायची की मला कधीकधी वाटे, आपण उगाच पगार घेतो.

त्या वर्गात मुलींच्या रांगेत शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचे वडील कांद्याचा टेम्पो चालवायचे आणि रस्त्याकडेच्या एका वस्तीवर ती राहायची. मी नववीला शिकवू लागले तेव्हापासून तिचा आवाज ऐकला नव्हता. विचारलं की उभी राहायची, खाली बघायची आणि मी बस म्हणेपर्यंत तशीच राहायची. ही आधी अशी नव्हती, असं बाकीच्या मुली सांगायच्या. आठवीत हेडसरांच्या इतिहासाच्या तासाला हिनं हात वर करून उत्तर दिलं होतं आणि ते साफ चुकलं होतं. हेडसरांची रीत अशी की ज्याचं चुकलं त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं. एरवी दोनचार जण तरी उभे असायचे, एकमेकांना चिमटे काढायचे, कुणाला काही वाटत नसे. त्या दिवशी बाकी सगळ्यांची उत्तरं बरोबर आली आणि ही एकटी उभी राहिली. नंतरही दोनतीन वेळा तसंच झालं. मग तिनं बोलणंच सोडलं.

पण डबी हातात आल्यावर मी तिच्याकडं बघायला लागले. दिवा तिचा कुठला हे मला ठाऊक नव्हतं. पण बटण दाबताना तिची मान वर असायची, ती फळीकडं बघत असायची आणि चौघींच्या गटात तिचे ओठ हलताना दिसायचे. लांबून ऐकू यायचं नाही. नुसते ओठ हलायचे, तेवढ्यानं मी खूश होते. शाळा सुटल्यावर तारा गुंडाळायला ती आपणहून थांबू लागली.

आणि मग हेडसरांचं लक्ष फळीकडं गेलं.

हेडसर वाईट माणूस नव्हते, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, चालणं ताठ. शाळेच्या दोन खोल्या त्यांनी गावात दारोदार फिरून उभ्या केल्या होत्या. पण चूक म्हणजे खोडी आणि खोडी म्हणजे शिक्षा, असं त्यांचं साधं गणित होतं. एक दिवस वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी दिवे बघितले आणि मला ऑफिसात बोलावलं.

"बाई, तुमचं यंत्र उत्तम आहे. फक्त एक खोट आहे."

"कसली सर?"

"चुकलं कोण, ते कळत नाही. दिवे लागले आणि चोर सापडेना, मग उपयोग काय? प्रत्येक दिव्याखाली रोल नंबर टाका. म्हणजे बसल्या जागी दिसेल."

मी समजावलं. नंबर टाकले की पुन्हा सगळी पोरं हुशार मुलाच्या खांद्यावरून बघून दाबतील, नाही तर दाबणारच नाहीत. खरं उत्तर येतंय ते नाव नाही म्हणून येतंय. हेडसरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुकण्याची लाज वाटायलाच हवी, बाई. त्याशिवाय माणूस सुधारत नाही." आणि शिपायाला पाठवून पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि बारीक ब्रश मागवून घेतला.

माझी कानशिलं तापली होती, पण हेडसरांशी वाद घालण्याची तेव्हा टाप नव्हती कुणाची. मी एवढंच म्हटलं, "सर, एकदा तासाला येऊन पूर्ण बसा. नंतरही तुम्हाला तसंच वाटलं तर त्याच दिवशी नंबर टाकते." त्यांनी मान डोलावली. आपला निर्णय बदलेल असं त्यांना बिलकूल वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

रंगाचा डबा मी विज्ञानाच्या कपाटात ठेवला. शाळेत भिंतींना कान असतात. संध्याकाळी ती मुलगी तारा गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता खाली बघून म्हणाली, "बाई, नंबर टाकनार हायेत का?"

तिनं माझ्याशी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. खोटं बोलवेना. मी म्हटलं, "बहुतेक टाकावे लागतील गं."

तिनं गुंडाळी नीट पिशवीत ठेवली. "मंग मला डबी नगा देऊ," म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

मी त्या रिकाम्या वर्गात बराच वेळ बसून राहिले आणि एसटी चुकवली.

हेडसर बसणार त्या तासाला मी बर्फ निवडला. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगतोय. बर्फ वितळला की काय होईल? अ, पाणी सांडेल. ब, पाणी होतं तिथंच राहील. क, पाणी खाली जाईल. ऊन तापायला लागलं होतं आणि स्टँडसमोरच्या रसवंतीत बर्फ मिळायचा. रसवंतीवाल्यानं पोत्यात गुंडाळलेल्या लादीचे चांगले टपोरे दोन तुकडे फोडून दिले. ते स्टीलच्या डब्यात घेऊन मी जवळजवळ पळतच शाळा गाठली.

हेडसर वेळेवर आले. बसणार कुठं? त्या मुलीची जोडीदारीण त्या दिवशी मावशीच्या लग्नाला गेली होती, म्हणून शेवटच्या बाकापाशी जागा होती. हेडसरांनी खुर्ची तिथं ओढली. बाकावर जोडीदारणीची डबी रिकामी पडली होती. त्यांनी ती उचलली, न्याहाळली आणि म्हणाले, "मीही दाबतो. बघू तुमचं यंत्र." शेजारची ती मुलगी भिंतीला चिकटून इवलीशी झाली. डबी मात्र तिनं घेतली होती. नंबर अजून पडले नव्हते ना.

मी पेला टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवला, बर्फ टाकला आणि अगदी काठाला टेकेपर्यंत पाणी ओतलं. प्रश्न वाचला. तीन म्हटलं.

मुलांच्या डब्या दप्तराआड होत्या. हेडसरांची डबी सगळ्यांना दिसेल अशी बाकावर उघडी होती. त्यांना लपवायचं कारणच काय? आणि त्यांचं बोट ठामपणे अ वर होतं.

फळीवर अ भरून गेला. ब वर थोडे दिवे, क वर अगदी तुरळक. हेडसर मागून म्हणाले, "हे ब आणि क वाले कोण ते बघा बाई. नंबर असते तर आत्ताच उभे केले असते."

ज्यांचं बरोबर होतं, त्यांनाही ते उभं करायला निघाले होते. आणि मला बोलता येत नव्हतं, कारण उत्तर आधी सांगायचं नाही हा माझाच नियम. त्या मुलीनं काय दाबलं असेल मला माहीत नव्हतं. मान मात्र तिची खाली गेलेली दिसली.

"मागं वळा," मी म्हटलं. "चौघाचौघांनी बोला."

वर्गात कालवा सुरू झाला. कुणी म्हणे बर्फाचा डोंगर वर आलाय, तो कुठं जाईल, खालीच येईल. कुणी म्हणे आमच्या माठात असं होतं. शिंगणापूरचा मुलगा हातवारे करून सगळ्या गटाला दम देत होता. शेवटच्या बाकापाशी मात्र शांतता होती. पुढच्या बाकावरच्या दोघी मागं वळल्या होत्या, पण हेडसर बसलेले बघून त्यांची दातखीळ बसली होती. हेडसरांनी शहाणपणानं खिडकीबाहेर नजर लावली. थोड्या वेळानं मी बघितलं, तर त्या मुलीचे ओठ हलत होते. एका हाताची मूठ करून ती दुसऱ्या हाताच्या ओंजळीत बुडवून दाखवत होती. समोरच्या दोघी माना डोलावत होत्या. मला वाटलं, धावत जाऊन तिची पाठ थोपटावी.

बर्फ आता बारीक झाला होता. मी पुन्हा तीन म्हटलं.

अ चा पट्टा जवळजवळ रिकामा झाला. दिवे भराभर ब वर आले होते. अ वर दोनच उरले.

एक कुणाचा हे मला उघड दिसत होतं. हेडसरांचं बोट होतं तिथंच होतं. त्यांच्याशी वाद घालून त्यांना पटवणार कोण? पण दुसरा? तो तिचा असेल, असं मला आत कुठंतरी वाटलं. सरांनी उभं करायची भाषा केली आणि पोर घाबरली. एवढं त्या दोघींना समजावून शेवटी स्वतः माघार घेतली. मला हेडसरांचा इतका राग आला की हातातला खडू मोडला.

बर्फ वितळला. पेल्याला बाहेरून घाम फुटला होता, तो मी रुमालानं पुसला, म्हणजे कुणाला शंका नको. सगळ्यांना रांगेनं पुढं बोलावलं. पाणी काठाला होतं तिथंच होतं आणि कागद कोरडा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरही उठून आले. वाकून बघितलं, कागदावर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं.

इतक्यात एका आगाऊ मुलानं विचारलं, "बाई, शेवटाला अ वाले दोघं कोन हुते?"

ज्यांनी मागं वळून सरांचं बोट बघितलं होतं, ते छताकडं बघायला लागले. हेडसर माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "या फळीवर नाव नसतं. कुणाचंच नसतं. बसा जागेवर."

घंटा झाली. हेडसर निघून गेले. मी कपाटातून रंगाचा डबा आणि ब्रश काढला. शब्द दिला होता, तो पाळायचा. डबा घेऊन मी ऑफिसात गेले आणि उभ्या उभ्या म्हटलं, "सर, टाकते नंबर. कुठल्या बाजूनं सुरुवात करू?"

हेडसर खुर्चीत मागं टेकून बसले होते. "बसा बाई," म्हणाले. मग बराच वेळ टेबलावरचा कागददाब फिरवत राहिले.

"एक दिवा माझा होता."

"हो सर."

"दुसरा कुणाचा, ते तुम्हाला माहीत नसेल. मला माहीत आहे. मी शेजारीच होतो." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "त्या पोरीनं आधी ब दाबलं होतं. नंतर दोघींना समजावलं. बर्फ आत्ता पाण्यात जेवढा बुडलाय, वितळून तेवढ्याच जागेत मावणार, म्हणाली. मी खिडकीकडं बघत होतो, पण कान तिकडंच होते. तेव्हाच मला कळलं की माझं चुकलंय. पण सगळ्यांदेखत अ दाबलेलं बोट आता हलवायचं कसं? तसंच ठेवलं."

मी डबा मांडीवर घेऊन बसले.

"तुम्ही तीन म्हटलं. तिचं बोट ब वरच होतं, बाई. मग तिनं फळीकडं बघितलं. अ वर एकच दिवा. माझ्या डबीकडं बघितलं. आणि बोट उचलून अ वर ठेवलं."

कागददाब थांबला.

"मागच्या वर्षी माझ्या तासाला ती उभी असायची. एकटी. तुम्हाला कुणी सांगितलं असेल."

"सांगितलंय सर."

"मी एकटा पडू नये म्हणून..." एवढं बोलून ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडं पाठ करून म्हणाले, "तो रंग शिपायाकडे द्या. फाटक गंजलंय, त्याला लावेल."

मी बाहेर आले. इतकी वर्षं झाली, पण तो डबा शिपायाच्या हातात देताना जो आनंद झाला, तसा पगारवाढीच्या दिवशीसुद्धा झाला नाही. फाटकाला निम्माच रंग पुरला. पुढं कितीतरी दिवस ते अर्धं पांढरं आणि अर्धं तांबडं दिसायचं.

त्या मुलीला मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असंच ठरलं होतं आणि तिनंही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबी घेतली, संध्याकाळी तारा गुंडाळल्या. दहावीत गेल्यावर ती अधूनमधून हात वर करून बोलायलाही लागली. चुकायचीही. चुकली की जीभ चावायची आणि हसायची.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. त्या बर्फाच्या तासानंतर काही दिवसांनी हेडसरांनी शिपायाकरवी निरोप पाठवला, इतिहासाच्या तासाला फळी हवी आहे. मी जोडून दिली आणि राहवेना म्हणून दाराबाहेर व्हरांड्यात रेंगाळले. सरांनी प्रश्न विचारला. तीन पर्याय वाचले. मुलांनी बटणं दाबली. सगळे दिवे क वर लागले आणि अ वर एकच. कुणाचा ते आजही मला ठाऊक नाही.

हेडसरांचा तास, आणि एकट्याचं चुकलेलं. आता तास संपेपर्यंत उभं राहायचं, हे सगळ्यांना पाठ होतं.

हेडसर त्या एका दिव्याकडं बघत राहिले. मग टेबलावर एक जादा डबी पडली होती, ती त्यांनी उचलली आणि अ दाबलं.

फळीवर दोन दिवे झाले.

"हं," ते म्हणाले, "आता आम्हा दोघांना समजावून सांगा."